अक्कांसाठी एक मेलेला खलनायक

खलनायक मेलेलाच हवा होता. जिवंत असता तर त्याला मारावं लागलं असतं, आणि मारायची वेळ आली की अक्का खेळाच्या टेबलावरून उठून गेल्या असत्या. म्हणून चातुर्मास बसायच्या आत मला एक नीटनेटका मेलेला खलनायक तयार करायचा होता. काम ठरलेलं होतं, मुदत ठरलेली होती. मुदत ठरलेली असली की मी बरी असते.

खेळ माझ्या मुलीने घरात आणला. ती पुण्याला नोकरी करते. दिवाळीला आली ती एक जाडजूड नियमपुस्तक आणि नाना आकारांच्या फाशांची पिशवी घेऊन. खेळ असा, की चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं आणि एकाने सूत्रधार व्हायचं. सूत्रधार गोष्ट सांगतो: तुम्ही घाटातून चाललाय, झाडीतून लांडगा येतो, आता काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चेटकीण, आणि आपलं पात्र काय करेल ते सांगायचं. जमलं की फसलं हे फासा ठरवतो. मुलगी परत जाताना पिशवी विसरली. मी पुस्तक चाळायला घेतलं. गोष्टींची मला फारशी गोडी नाही, पण पुस्तकात तक्ते होते. कुठल्या हत्याराने किती इजा, कुठल्या दाराला कसलं कुलूप, माणूस पाठीवर किती ओझं वाहू शकतो. मी सांगलीत एका रुग्णालयाचं भांडार सांभाळते. इतकं सुसूत्र पुस्तक मला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं.

माणसं जमवणं अवघड गेलं नाही. धाकटी बहीण साताऱ्याला शाळेत शिकवते. ती एकाआड एक रविवारी सकाळच्या एसटीने यायला लागली. हल्ली पोरांवर हात उगारता येत नाही, तो सगळा साठा मी इथे येऊन रिकामा करते, असं ती सांगते. तिने योद्धा घेतला. तळमजल्यावर सुभेदार राहतात. माण तालुक्यातले, फौजेतून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले. लढाई बास झाली म्हणून त्यांनी शाहिराचं पात्र घेतलं, पण शाहिराच्या डफात कट्यार लपवलेली असते. आणि आमच्याच मजल्यावर समोरच्या घरातल्या अक्का. यजमानांचा बेदाण्याचा व्यापार, मुलगा-सून बेंगळुरूला, घरात सतत कुणीतरी गावाकडचं आलेलं. अक्कांनी वाटाड्या घेतला. रानातल्या वाटा, पाणी, झाडपाला ओळखणारा.

अक्का जैन, त्यांचं जेवण सूर्यास्ताच्या आत असतं, त्यामुळे आम्ही दुपारी बसून पाचला उठतो. पहिल्या दिवशी मी चहा टाकायला उठले तेव्हा सवयीने अक्काही उठल्या. मी त्यांना खाली बसवलं, तुमची पाळी आहे म्हणून. जाताना दारात म्हणाल्या, की लग्न झाल्यापासून चार माणसं बसलीत आणि त्यात आपणही बसलोय, वाढायला उभं नाही, असं हे पहिल्यांदाच. हसत म्हणाल्या, पण मी लक्षात ठेवलं.

मग लांडगा आला. लांडग्यात काही विशेष नव्हतं. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांत, नवशिक्यांसाठी म्हणून दिलेला. बहिणीने त्याला दोन वारांत लोळवला, सुभेदारांनी त्यावर पोवाडा म्हटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. रात्रभर लांडगा डोळ्यांपुढून हलला नाही म्हणाल्या.

मी म्हटलं, "अक्का, लांडगा कुठे होता? फासा होता."

"आमच्यात पिठाच्या कोंबड्याची गोष्ट सांगतात," अक्का म्हणाल्या. "एका राजाला कोंबडा बळी द्यायचा नव्हता, म्हणून त्याने पिठाचा करून कापला. तरी पाप लागलंच. किती जन्म फिरला तो. का? तर मारायचं मनात आलं होतं ना."

पुढचं त्यांनी चाचरत सांगितलं. चातुर्मासात त्या दरवर्षी बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, नियम घेतात: काही काळापुरतं काहीतरी सोडायचा. देवासमोर नियम घ्यायचा आणि रविवारी येऊन लांडगे मारणाऱ्यांत बसायचं, हे त्यांना जमणार नव्हतं. तेव्हा चातुर्मास बसला की आपण थांबू. मी विचारलं, थांबायचं आहे का? त्यांनी जिन्याकडे बघत मान हलवली. नाही.

मी त्याच सकाळी कामाला लागले. पुस्तकात शत्रूंचा मोठा विभाग आहे. त्यातून जिवंत ते सगळे खोडले. उरले ते, ज्यांना मुलगी अनडेड म्हणते. मेलेले, पण न गेलेले. मेलेल्याला मारण्यात कसली हिंसा? मला माझा तोडगा फार आवडला.

माझा पहिला आराखडा राजाचा होता. टेकडीवर किल्ला, त्यात सांगाड्याचा राजा. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, मला साताऱ्यात राहायचंय. राजा खलनायक झाला हे शाळेत कळलं तर मला रजा टाकून यावं लागेल." राजा खोडला. सुभेदारांनी कारखान्याचा चेअरमन सुचवला. मरून गेला तरी खुर्चीत बसलेला, आणि सभासद दर निवडणुकीला त्यालाच हार घालतात. मी म्हटलं, त्यात कल्पना कुठे आली? चेअरमनही खोडला. शेवटी वैद्य ठरला. अमर व्हायचं औषध शोधता शोधता मेलेला, औषध निम्मंच लागू पडलेलं. औंधच्या टेकडीसारखी टेकडी, तशाच पायऱ्या, वर त्याचा वाडा. दिवसा तो दगडी पेटीत पडून असतो. रात्री खालच्या गावात उतरतो आणि झोपलेल्या माणसांच्या अंगातली ऊब खातो. माणसं सकाळी गारठून उठतात आणि दिवसभर गोधडीत बसून राहतात. गावची पेरणी खोळंबली आहे. मी वाचून दाखवलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालतो?"

"चालतो."

"मग जीव आहे."

"अक्का, चावीचं माकडही चालतं."

"त्याला चावी देणारा असतो. याला कोण देतं?"

मी घरी येऊन मंत्र घातला. मरण्याआधी वैद्याने स्वतःच एक मंत्र बुधलीत भरून ठेवला आहे आणि त्या मंत्रावर नुसता देह चालतो, आत कुणी नाही. अक्कांना हे बरंचसं पटलं. पण खात्री करायला त्या बस्तीतल्या पंडितजींकडे गेल्या. त्यांनी आधी खेळ पत्त्यांचा आहे का ते विचारून घेतलं. मग समजावलं, की देहातून जीव गेला तरी त्या देहात बारीक बारीक असंख्य जीव उत्पन्न होतात. म्हणजे प्रेतावर तलवार चालवली तर एकाऐवजी असंख्य. अक्का हे सांगताना माझ्याबद्दल खरोखर हळहळत होत्या.

मी मांस काढून टाकलं. नुसता सांगाडा ठेवला, चुन्यासारखा कोरडा. मग लक्षात आलं की वाड्यात वटवाघळं आहेत, त्यांच्यावर कुणीतरी बाण सोडणारच. वटवाघळं काढली. कोळ्यांसकट जळमटं काढली. तळघरातलं साचलेलं पाणी उपसलं, कारण पाण्यात जीव. उंदीर, घुशी, विंचू, भिंतीतली वाळवी सगळं गेलं. पेटीला हवाबंद झाकण बसवलं. रुग्णालयात शस्त्रक्रियेची खोली तयार करतात त्या क्रमाने मी एका भुताचा वाडा झाडून पुसून घेत होते.

वैद्याचा शेवटही मी अक्कांसाठीच राखून ठेवला. तलवारीने त्याला काही होणार नाही, आगीने नाही. मंत्राची बुधली फोडली की देह जागच्या जागी कोसळणार. आणि बुधली अशा ठिकाणी, जिथे वाटाड्याच पोचू शकेल. म्हणजे अक्का पहिल्यांदा स्वतःच्या हाताने शत्रूला हरवतील, तेही पाप न लागता. तिघांपैकी कुणालाच याचा पत्ता नव्हता. इतकी चोख तयारी मी मुलीच्या लग्नाचीही केली नाही. अर्थात तिने लग्न करू दिलेलं नाही हा भाग वेगळा.

चातुर्मासाआधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही बसलो. पायऱ्या चढून तिघे वाड्यात शिरले. मी वर्णन केलं: लखलखीत फरशी, पांढऱ्या भिंती, कुठे धुळीचा कण नाही, आवाज नाही, वास नाही.

सुभेदार म्हणाले, "वैनी, ह्यो भुताचा वाडा हाय का मिल्ट्री हास्पिटल? हितं भ्याचं कशाला? हितं तर दाखल व्हावं वाटतंय."

बहिणीने तीन दालनं तलवार उपसून पार केली आणि एकदाही वापरायला मिळाली नाही म्हणून ती पाणी पिऊन आली. माझं लक्ष अक्कांकडे होतं. वाटाड्याने भिंतीतली फट बरोबर ओळखली, आत हात घातला, आणि बुधली सापडली. त्याच वेळी, ठरल्याप्रमाणे, पेटीचं झाकण उघडलं आणि वैद्य उठून बसला. बाहेर दिवस मावळला होता, म्हणजे गोष्टीत. आमच्या खिडकीत चार वाजले होते.

अक्कांनी विचारलं, "ही फोडली की काय होईल?"

"तो संपेल."

"त्याला विचारलं का?"

मी म्हटलं, त्याला काय विचारायचं, तो आतून रिकामा आहे, हे आपलं ठरलंय. अक्का म्हणाल्या, रिकामा आहे ना, मग विचारायला काय हरकत? बोलता येतं का त्याला? माझ्या आराखड्यात त्याचं बोलणं होतं. एक पानभर गडगडाटी भाषण मी लिहिलं होतं. येतं, असं मला कबूल करावं लागलं.

"मग मला त्याच्याशी बोलायचंय."

मी घसा खरवडून वैद्य झाले. भाषणाची पहिली ओळ म्हणायच्या आत अक्कांनी विचारलं, "आपलं जेवण कधी होतं?"

वैद्य म्हणाला, रात्री.

"ते चांगलं नाही," अक्का म्हणाल्या.

सुभेदारांनी कपाळाला हात लावला. त्यांना पुढचं माहीत होतं, कारण अक्कांनी त्यांचं गुरुवारचं रात्रीचं मटण बंद करवलं होतं. आमच्या इमारतीत अक्कांकडून छोटामोठा नियम न घेतलेला माणूस शोधावा लागेल. मी स्वतः चतुर्दशीला कांदा खात नाही, आणि ते कधी ठरलं हे मला आजही सांगता येणार नाही. त्या आग्रह करत नाहीत. मोठं मागतात, नाही म्हटलं की थोडं कमी करतात, आणि माणूस हो म्हणेपर्यंत शांतपणे खाली येत राहतात.

वैद्यालाही त्यांनी आधी कायमचं मागितलं: सूर्यास्तानंतर काही खायचं नाही. मन वळवायचं असलं की फासा टाकावा लागतो, आणि मागणी जेवढी लहान तेवढा हवा असलेला आकडा सोपा, असा नियम आहे. अक्कांनी वीस बाजूंचा फासा टाकला. वैद्य नाही म्हणाला. बरं, मग चार महिने, चातुर्मासापुरतं. पुन्हा फासा, पुन्हा नाही. मग अष्टमी-चतुर्दशी. बहीण म्हणाली, "अक्का, तो माणसं खातो, साबुदाणा नाही." अक्का म्हणाल्या, म्हणूनच तर. अष्टमी-चतुर्दशीलाही वैद्य नाही म्हणाला. माझ्या आवाजातला गडगडाट एव्हाना उतरला होता. कुणी इतक्या आपुलकीने जेवणाची चौकशी केल्यावर किती वेळ गुरगुरणार?

"एक रात्र," अक्का म्हणाल्या. "आजची फक्त. उद्याचं उद्या बघू."

फासा पडला. एका रात्रीला तेवढा आकडा पुरत होता. मी पुस्तक पाहिलं, तक्ता पाहिला, आणि वैद्याच्या तोंडून म्हटलं, "बरं."

सुभेदार लगेच पुढे सरकले. ही संधी आहे हे त्यांना आधी दिसलं. "झ्याक झालं. आज रातच्याला गडी उपाशी. पहाटं ढिला पडंल. तवाच बुधली फोडायची, म्हंजी काय गडबड न्हाई, काय न्हाई."

बहिणीने अक्कांपुढे हात केला, बुधली द्या म्हणून. मीही मनात म्हटलं, चला, थोडं वाकड्या वाटेने का होईना, माझा शेवट जुळला. पण अक्कांनी बुधली दिली नाही. म्हणजे बुधली अशी नव्हतीच, टेबलावर अत्तराची रिकामी बाटली ठेवली होती मी. ती त्यांनी मुठीत घट्ट धरली.

"नियमावर असलेल्या माणसाला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

"आवं अक्का, त्यो माणूस न्हाई. तुमीच म्हनला न्हवं, आत कुनी न्हाई?"

"कुणी नव्हतं तर बरं कोण म्हणालं?"

बरं तर मीच म्हणाले होते. कित्येक आठवड्यांच्या मेहनतीने मी जो जीव त्या हाडांतून एकेक करून बाहेर काढला होता, तो एका शब्दाने आत येऊन बसला होता.

बहीण चिडली. ती पहाटे उठून एसटीने येते, उभ्याने येते, आणि आज तिच्या तलवारीला कुणी शिवलं नाही. पाळी तिची होती. ती म्हणाली, वाटाड्याच्या हातातून बुधली हिसकून घ्यायची, नियमात बसतं ना? बसत होतं. योद्ध्यापुढे वाटाड्याचा टिकाव लागला नसता, हा तक्ताही मला पाठ होता. मी हो म्हटलं, कारण खोटं बोलता येत नव्हतं. बहिणीने फासा उचलला.

अक्का आवाज न चढवता म्हणाल्या, "घे तू. माझी ताकद पुरायची नाही. पण मी त्याला नियम दिलाय. तो माझ्या भरवशावर उपाशी आहे. तुम्ही फोडलीत तर मला पुन्हा इथे बसता यायचं नाही. आणि मला बसायचं आहे गं."

बहिणीच्या हातात फासा तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. बहीण म्हणून मी काहीतरी बोलावं अशी तिची अपेक्षा असावी, पण सूत्रधाराला बाजू घेता येत नाही. मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं. सुभेदार पंख्याकडे बघत बसले.

"ताई," बहीण शेवटी म्हणाली, "माझी पाळी गेली असं लिही."

"कारण काय लिहू?"

"तलवार गंजली म्हणून लिही. लांडग्यानंतर वापरलीय कुठे?"

तिने फासा पिशवीत टाकला आणि लाडू घेतला. मग तोंड भरलेलं असतानाच विचारलं, की एक रात्र ठीक आहे, पण सकाळी त्या हाडांना घालणार काय, उपमा? प्रश्न टोमण्याचा होता, पण अक्कांनी तो मनावर घेतला. उपास सोडवायचा म्हणजे पारण्याची सोय नियम देणाऱ्यानेच बघायला हवी. तो फक्त ऊबच खातो ना, असं त्यांनी मला विचारलं. मी आराखडा पाहिला. होय, ऊब. माणसाच्याच अंगातली हवी, असं कुठे आहे का? मी पुन्हा पाहिला. गावकऱ्यांच्या अंगातली ऊब खातो, असं मी लिहिलं होतं. दुसरी चालत नाही, असं लिहायचं मला सुचलं नव्हतं.

"मग पाणी उकळून देऊ," अक्का म्हणाल्या. "आम्ही नाहीतरी उकळलेलंच पितो."

सुभेदार म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं गाव गारठलं, ते हंडाभर पान्यासाठनं?" मग त्यांनी शाहिराच्या वतीने विचारलं, की वाड्यात चूल आहे का? नव्हती. मी वाडा इतका स्वच्छ केला होता की तिथे राखही नव्हती. चूल मांडण्यात आणि सरपण गोळा करण्यात उरलेला वेळ गेला. सुभेदारांनी वाळकंच लाकूड निवडून घेतलं, कीड नसलेलं, अक्कांना दाखवून. पाच वाजले. अक्का चपला घालताना म्हणाल्या, पुढच्या खेपेला त्याचं पारणं आहे, तेव्हा मला यावंच लागेल, अर्धवट टाकून कसं चालेल?

पुढच्या खेपेच्या रविवारी चातुर्मास बसलेला होता. अक्का सगळ्यांच्या आधी आल्या, बस्तीत नियम घेऊन, सोबत थर्मास. बहिणीची एसटी कराडला पंक्चर होऊन थांबली होती, सुभेदार अजून जेवत होते. थांबू या का त्यांच्यासाठी, मी विचारलं. अक्का म्हणाल्या, तो आधीच उपाशी आहे, उगीच किती ताटकळत ठेवायचं. त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं, कपात वाफाळतं पाणी ओतलं आणि कप माझ्यापुढे सरकवला.

मी फुंकर घालून प्यायले. जीभ भाजली. वैद्याच्या आवाजात म्हटलं, "बरं वाटलं."

"आज रात्रीचं काय?" अक्कांनी विचारलं, आणि फासा हातात घेतला.